नेंगाहच्या दुकानातला सत्यवादी कॉम्प्युटर

नेंगाहच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला खोटं सहन होत नाही, अशी कुजबुज सकाळच्या बाजारात भाजलेल्या डुकराच्या गाडीपाशी सुरू झाली. दुपारपर्यंत ती मांडीवर कोंबडा घेऊन त्याचे पाय चोळत बसलेल्या पुरुषमंडळींत पोचली. संध्याकाळी गामेलान वाद्यवृंदाच्या तालमीत झांजवाल्याचा ताल चुकला, तोही हीच गोष्ट ढोलकवाल्याच्या कानात सांगताना. गिऱ्हाइकाने वाक्य सांगायचं, नेंगाहने ते टाईप करायचं, वाक्य खरं असेल तर ठीक. खोटं असेल तर पडदा काळा, मशीनच्या पंख्याचा आवाज बंद, सगळं थंड. म्हणे मशीनमध्ये कुणीतरी शिरलंय. कोण शिरलंय यावर मात्र वाडीत एकमत नव्हतं. कुणी म्हणे नेंगाहचे वारलेले सासरे, पण त्यांना ओळखणारे लगेच म्हणाले, छे, त्यांना खोट्याचा एवढा राग कधीपासून?

नेंगाह रेम्पिनी ही आमच्या बेटावरच्या ग्यान्यार भागाच्या वरच्या अंगाची सून. नवरा गेदे मोठ्या प्रवासी जहाजावर आचारी. वर्षातून एकदा घरी उगवतो, सगळ्यांना परदेशी साबण वाटतो, आणि पुन्हा समुद्रात. लग्नाआधी नेंगाह उबुदच्या एका हॉटेलात पुढच्या टेबलावर बसायची. तिथे तिने दोन कला कमावल्या. एक, बोटांकडे न बघता टाईप करणं. दुसरी, न हसणं. पाहुणा सारोंग उलटा नेसून आला, पाहुणीने देवाच्या नैवेद्यातली बिस्किटं खाऊन 'नाश्ता छान होता' असं सांगितलं, तरी चेहऱ्यावरची रेघ हलवायची नाही. हॉटेल बंद पडलं तेव्हा सामान विकायला काढलं. नेंगाहने तेच पुढचं टेबल, पुढून फळीने बंद असलेलं, आणि त्यावरचा तोच म्हातारा कॉम्प्युटर उचलला आणि घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मांडला. टाईप करून मिळेल, छापून मिळेल.

दुकान चाललं ते तिच्या चेहऱ्यामुळे. आमच्या वाडीत कुणी स्कूटरवरून पडला तर लोक आधी पोटभर हसतात, मग त्याला उचलतात, आणि उचलताना पुन्हा हसतात. अशा गावात ज्याच्यासमोर काहीही सांगावं आणि जो हसणार नाही असा माणूस म्हणजे पाण्याच्या घोटासारखा. नोकरीचे अर्ज, लग्नाची आमंत्रणं, शाळेला न जाण्याची कारणं, सरकारकडे मदत मागणारे कागद, सगळे तिच्याकडे. लोक मोठमोठं सांगत, ती गंभीरपणे मान डोलवत टाईप करायची. मुख्य म्हणजे घरात ती 'गेदेची बायको' असली तरी त्या खोलीत ती 'म्बोक नेंगाह' होती. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला ताई म्हटल्यासारखं म्बोक म्हणत.

मग तुम्पेक लांदेप आला. लोखंडी वस्तूंना पुजायचा दिवस. पूर्वी त्या दिवशी क्रीस नावाच्या कट्यारी आणि कोयते पुजत, आता स्कूटर, फ्रीज, भात शिजवायचं मशीन, सगळ्यांना नैवेद्य लागतो. नेंगाहने टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यासमोर ताट मांडलं, उदबत्ती लावली. सासूबाई, म्हणजे दादोंग केर्ती, नातवंडं नसली तरी वयामुळे अख्ख्या वाडीची आजी, ती दारात उभी राहून बघत होती. नेंगाह तिला मेमे, म्हणजे आई म्हणायची.

"अगं, हा डबा जमिनीवर?"

"आधीपासून तिथेच आहे, मेमे."

"आधी त्याला नैवेद्य दाखवला नव्हता. आता दाखवलास. ज्याला हात जोडले त्याला पायाशी ठेवायचं? तुझे पाय त्याच्या डोक्याशी. उद्या मलाही पायाशी ठेवशील."

मग काय, धाकटा दीर केतुत आला, त्याने डबा उचलून टेबलावर, पडद्याच्या शेजारी बसवला, वायरीचं खाली काय ते जुळवलं आणि हात झटकत गेला. डब्यावर पिवळं कापड आलं, फुलं आली, वर तांदळाचे दाणे, तीर्थाचा शिडकावा. म्हाताऱ्या मशीनला जन्मात एवढा मान मिळाला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांत भानगड सुरू झाली.

पहिला आला मादे सुपार्का. त्याने भाताच्या खाचरापाशी दोन खोल्या बांधून पाहुण्यांना द्यायला काढल्या होत्या. जाहिरात टाईप करून हवी होती.

"लिही म्बोक, आमच्या खोल्यांतून समुद्र दिसतो."

"कुठल्या खोलीतून, ब्ली?" दादा म्हणावं तसं ब्ली म्हणत नेंगाहने विचारलं.

"मागच्या. नारळावर चढलं की."

"मग खोलीतून की नारळावरून?"

"नारळ खोलीच्या दारातच आहे ना."

नेंगाहने चेहरा सरळ ठेवून 'समुद्र' एवढं टाईप केलं आणि कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं, पुन्हा सुरू झाला. मादेने सुस्कारा सोडून तेच वाक्य पुन्हा सांगितलं. पुन्हा गेला. मादेने मशीनकडे बघितलं, मशीनवरच्या फुलांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बरं, भातशेती दिसते असं लिही." ते मात्र पहिल्या फटक्यात टाईप झालं.

एवढ्याने काही झालं नसतं. पण दुसऱ्या दिवशी लुह तिर्ती नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. नवरा न्योमान कारांग, कोंबड्यांच्या झुंजीचा शौकीन.

"यांना सांगू दे आणि तू टाईप कर," लुह तिर्ती म्हणाली. "सांगा हो. काल कुठे होतात?"

"देवळाची झाडलोट करायला गेलो होतो," कारांग छताकडे बघत म्हणाला. त्याच्या कॉलरमागे कोंबड्याचं लाल पीस अडकलेलं होतं.

नेंगाहने मान खाली घातली, टाईप करायला लागली, आणि पडदा काळा.

"लाइट गेली असेल," कारांग म्हणाला.

"छताचा पंखा चालू आहे."

"पंख्याला वेगळी लाइट असेल."

"घरी चला," लुह तिर्ती म्हणाली. "घरी सगळ्यांना वेगवेगळी लाइट दाखवते."

झालं. बायका नवऱ्यांना घेऊन यायला लागल्या. एकीने भावी जावयाला आणलं. एक तर शेजारणीला घेऊन आली, तुझ्या कोंबड्या माझ्या परड्यात येत नाहीत असं टाईप करून घे म्हणून. कॉम्प्युटर दर वेळी विझायचा असं नाही, पण विझायचा तेव्हा नेमका. आणि गंमत बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढली तशी खरी गिऱ्हाइकं आटली. पुरुषमंडळी त्या रस्त्याने जाईनात. पोरं शाळेची कारणं हाताने लिहायला लागली. नोकरीचा अर्ज करणाऱ्यांनी तर खालच्या बाजाराची वाट धरली, कारण 'मी मेहनती आहे' या वाक्याची परीक्षा वाडीदेखत द्यायची कुणाची छाती होईना.

केतुत अशा वेळी मोजायची टेप घेऊनच आला. त्याला त्या खोलीत लॉन्ड्री टाकायची होती. आसपासच्या बंगल्यांतल्या चादरी, टॉवेल, मोठं काम.

"म्बोक, मनाला लावून घेऊ नकोस," तो भिंत मोजत म्हणाला. "मशीन म्हातारं झालं. माणूस म्हातारं झालं की आपण त्याला कोपऱ्यात बसवतोच ना."

आतल्या दाराशी दादोंग जमिनीवर बसून नारळाच्या कोवळ्या पानांच्या पूजेच्या टोपल्या विणत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मला कुठला कोपरा ठरवलायस, तुत? आत्ताच सांग. उशी नेऊन ठेवते."

"तुझं नाही गं, मशीनचं बोलतोय."

"आमचं दोघांचं वय सारखंच दिसतं."

गेदेचा जहाजावरून फोन आला तेव्हा तोही धाकट्या भावाच्या बाजूने झुकला. नेंगाहला म्हणाला, "गालुंगानपर्यंत बघ. सणापर्यंत नीट झालं तर दुकान तुझं. नाही झालं तर खोली तुतला दे. तू त्याच्याबरोबर काम कर. चादरींच्या घड्या करायच्या, त्यात काय आहे."

त्यात काय आहे ते नेंगाहला चांगलं कळत होतं. बंगल्यांतल्या चादरी तिला म्बोक म्हणणार नव्हत्या.

तिने खालच्या बाजारातल्या कोमांग रुस्ताला बोलावलं. रुस्ता जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि बोलका. त्याने डबा उघडला आणि आत बघून हात जोडले. आत फुलांच्या वाळक्या पाकळ्या, तांदूळ, उदबत्तीची राख आणि पॉवर सप्लायच्या जाळीत पालीची दोन अंडी.

"म्बोक, हे मशीन आहे की देवघर?"

"मेमेला विचारा."

"पालसुद्धा इथे सुखाने नांदते म्हणजे जागा चांगली आहे," दादोंग म्हणाली.

रुस्ताने सगळं झाडलं, फुंकलं. बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर दाखवले, म्हणाला हेच चोर. मशीन घेऊन गेला, कपॅसिटर बदलले, दिवसभर त्याच्या दुकानात चालवलं, त्यावर गाणी लावली. एकदाही बंद पडलं नाही. परत आणलं. दुपारी एक आजोबा पेन्शनच्या कागदासाठी आले, 'मी कधीही उशिरा आलो नाही' म्हणाले, आणि पडदा काळा.

रुस्ताने अख्खा पॉवर सप्लाय बदलला. मग छोटी बॅटरी बदलली. मग बटणाची वायर बदलली. मीटर घेऊन भिंतीतली लाइट मोजली, ती ठीक. स्टॅबिलायझर आणून बसवला, तो नुसता घूं घूं करत बसला. रुस्ता स्वतः खुर्चीवर बसून अर्धा दिवस टाईप करत राहिला. मशीन शहाण्या पोरासारखं चाललं. तो उठला, नेंगाह बसली, एक बाई बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण सांगायला लागली, 'दोन्ही घरांच्या आनंदाने', आणि विझलं.

आता टेबलाखाली डोकावावं असं रुस्ताच्या मनात एकदा आलं, नाही असं नाही. पण सणाचे दिवस. तो रोज देवळाच्या कामावरून परस्पर यायचा, डोक्याला उदेंग बांधलेला. देवापुढून आलेलं डोकं, ते टेबलाखाली पायांच्या जागी कसं घालायचं? शिवाय पुजलेली वस्तू वर होती, फुलं वर होती, तीर्थ वर शिंपडलेलं. जे काही बिघडायचं ते वरच बिघडलेलं असणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तो डब्याकडेच बघत राहिला.

"माझी विद्या संपली, म्बोक," शेवटी तो म्हणाला. "माझ्याकडे नीट चालतं. इथे आलं की त्याला माणसं कळायला लागतात."

"असं मशीन असतं का, ब्ली?"

"नसतं. पण आता आहे."

मग पुजारी आला. त्याने मंत्र म्हटले, मशीनची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तोच पुजारी देणगीच्या कागदासाठी आला, 'देवळाच्या छतातून पाणी गळतं' म्हणाला. मशीन चाललं. पुजारी खूश. मग म्हणाला, 'आणि देवळाचे सगळे सेवक पहाटे उठतात,' आणि विझलं. पुजारी पाणी न पिताच गेला.

गालुंगान तोंडावर आला. दारोदारी पेंजोर, म्हणजे सणाचे सजवलेले उंच बांबू, उभे करायची तयारी सुरू झाली आणि वाडीचे क्लियान, म्हणजे वाडीचे प्रमुख, पाक लेगा, ज्यांना सगळे मानाने पाक क्लियान म्हणत, कागदांची पिशवी घेऊन नेंगाहच्या दुकानात आले. वाडीच्या तरुण मंडळाला नवीन स्पीकर हवे होते. त्यासाठी सरकारी कचेरीत अर्ज द्यायचा, आणि तो सणाआधी पोचायला हवा. पाक क्लियान एकटे आले, पण त्यांच्या मागून अख्खी वाडी आली. पायऱ्यांवर, भिंतीवर, खिडकीत, माणसंच माणसं. केतुत टेप घेऊन दाराशी.

"गर्दी कशाला?" पाक क्लियान म्हणाले.

"आम्हाला पण काहीतरी टाईप करायचंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"काय?"

"आठवतोय."

पाक क्लियानांनी खोकून गळा साफ केला. "लिही. आमच्या वाडीतले तरुण आपल्या संस्कृतीच्या रक्षणासाठी रात्रंदिवस झटतात."

रस्त्यापलीकडे वाडीचं सभागृह होतं, चारी बाजूंनी उघडं. त्यात तरुण मंडळाचा अध्यक्ष तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. त्याच्या छातीवर एक मांजर झोपलं होतं.

नेंगाहने बघितलं. मान खाली घातली. 'रात्रंदिवस' पर्यंत आली, आणि पडदा काळा.

त्या दिवशी वाडीत जो हशा पिकला तो खालच्या गावापर्यंत ऐकू गेला असेल. फक्त दोघं हसली नाहीत. एक पाक क्लियान, दुसरी नेंगाह. पाक क्लियानांचे कान लाल झाले.

"मी खालच्या बाजारात टाईप करून घेईन," ते म्हणाले.

"मग लोक म्हणतील, पाक क्लियान मशीनला घाबरले," खिडकीतला एकजण म्हणाला.

पाक क्लियानांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, "उद्या सकाळी येईन. हेच वाक्य सांगेन. आणि म्बोक, उद्या जर हे बंद पडलं, तर यापुढे वाडीचं एकही काम या दुकानात येणार नाही."

केतुतने टेप गुंडाळली. मोजायचं काही उरलं नव्हतं.

नेंगाह स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला बसली. सासू आत आली, पानांच्या टोपल्या बाजूला ठेवल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर टेकली. सुनेकडे निरखून बघायला लागली. सासूच्या तोंडाच्या कोपऱ्यात विड्याचा लाल डाग, आणि डोळ्यांत काहीतरी चाललेलं.

"रडतेस?"

"कांदा आहे, मेमे."

"बरं. उद्या एक कर. खुर्चीवर मांडी घालून बस."

"मांडी? दुकानात? लोकांसमोर?"

"लोकांना दिसतंय का? पुढे फळी आहे."

"का पण?"

"रोज त्या दाराशी जमिनीवर मी बसते," दादोंग म्हणाली. "तुम्ही सगळे वर बघता. मला दुसरं काय दिसतं? बस म्हटलं ना मांडी घालून. आणि हे कुणाला सांगू नकोस. आयुष्यभर सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. वरच्या वाडीतली माणसंसुद्धा आली. कुणी भाजलेले शेंगदाणे आणले होते. नेंगाह खुर्चीवर चढून मांडी घालून बसली. सासू आतल्या दाराशी आपल्या जागी, हातात पानं.

पाक क्लियान उभे राहिले. रात्रभर त्यांनी तयारी केलेली दिसत होती, कारण वाक्य वाढलेलं होतं.

"आमच्या वाडीतले तरुण आपल्या संस्कृतीच्या रक्षणासाठी रात्रंदिवस झटतात. ते पत्ते खेळत नाहीत. कोंबड्यांची झुंज त्यांना ठाऊक नाही. थोरांचा शब्द ते कधीही मोडत नाहीत."

न्योमान कारांगच्या घशात शेंगदाणा अडकला. समोरच्या सभागृहात अध्यक्ष कुशीवर वळला आणि मांजर खाली पडलं.

नेंगाहचं पोट दुखायला लागलं. मांड्या आवळल्या, दात आवळले, पायांची बोटं एकमेकांत अडकवली. टाईप करत राहिली. 'झटतात.' पडदा चालू. 'खेळत नाहीत.' चालू. 'ठाऊक नाही.' चालू. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बघून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, बघ, केवढी भक्ती. 'कधीही मोडत नाहीत.' पूर्णविराम. प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला.

पाक क्लियानांनी कागद उचलला, डोक्यावर धरला आणि लोकांकडे वळले.

"बघितलंत?" ते शांतपणे म्हणाले. "शब्द न् शब्द खरा आहे."

लोकांनी वळून समोरच्या सभागृहातल्या अध्यक्षाकडे बघितलं. पोरगा उठून बसला होता, डोळे चोळत. त्याला कळेना आपल्याकडे एवढ्या आदराने का बघतायत. पण असं म्हणतात की त्या दिवसापासून तो निदान तालमीला तरी वेळेवर जायला लागला. मशीनने ज्याच्यावर शिक्कामोर्तब केलंय, त्याला थोडं तरी तसं वागावं लागतं.

गालुंगानला दुकानाच्या दारात पेंजोर उभा राहिला, आणि तो केतुतने स्वतः उभा केला. त्याची लॉन्ड्री पुढच्या वळणावर निघाली, बरी चालली आहे. गिऱ्हाइकं परत आली, पूर्वीपेक्षा जास्त. कारण आता या दुकानातून छापून निघालेला कागद म्हणजे खरा कागद. मादे सुपार्काने समुद्र पुन्हा जाहिरातीत घातला आणि ती दुकानातल्या परवान्यासारखी फ्रेम करून लावली. कारांग बायकोला घेऊन स्वतःहून आला, झुंजीला गेलो नव्हतो असं टाईप करून घेतलं, आणि लुह तिर्तीला तो कागद घरी जपून ठेवावा लागला. नेंगाह मांडी घालून बसते ती मशीनपुढे व्रत म्हणून, असं लोक मानतात. काही बायकांनी घरी फ्रीजपुढे तसं बसून बघितलं.

मशीनमध्ये कुणी शिरलेलं नव्हतं. डबा टेबलावर चढवला तेव्हा त्याची वायर भिंतीपर्यंत पोचेना, म्हणून केतुतने टेबलाखाली जुना एक्स्टेन्शन बोर्ड टाकला होता, आणि त्यात पिन सैल बसायची. गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की नेंगाहला हसू यायचं. चेहरा हलायचा नाही, पण उजवा पाय हलायचा, आणि तो वायरीला लागायचा.